सिस्टर, एक विचारू? : कॅज्युअल्टीतला चार्ली

मागच्या अंकात मी ब्रिस्टलला लेकीकडं काढलेल्या हिवाळ्याबद्दल लिहिलं होतं. शनिवारी रात्री तिच्या घरी आम्ही मिळून बघायचो त्या ‘कॅज्युअल्टी’ या बीबीसीच्या मालिकेचा त्यात चार ओळींचा उल्लेख होता. पत्रं आली ती त्या चार ओळींवरच. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी सांगते. एका मोठ्या दवाखान्याचा अपघात विभाग, तिथले डॉक्टर, नर्स, अँब्युलन्सवाले आणि दर आठवड्याला दारात येणारे नवे पेशंट, अशी ही गोष्ट. पहिला भाग ६ सप्टेंबर १९८६ ला दाखवला गेला. तिकडं लोक आता अपघात विभागाला ‘ए अँड ई’ म्हणतात. कॅज्युअल्टी हा जुना शब्द मालिकेनं धरून ठेवला, आणि आपण कोल्हापूरकरांनी. आपल्याकडं आजही रिक्षावाल्याला “कॅज्युअल्टीच्या दारात घे” एवढं म्हटलं की पुरतं.

प्रश्न : गेल्या महिन्यात मुलगा सायकलवरून पडला, मनगट मोडलं. एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आम्ही पावणेदोन तास बाकावर बसून होतो. मुलगा रडून अर्धा झाला. आमच्या मागून एक आजोबा स्वतःच्या पायांनी चालत आले, त्यांना लगेच आत घेतलं. ओळखीशिवाय काम होत नाही, हेच खरं ना? तुमच्या मालिकेत असं होतं का? (एक वाचक, राजारामपुरी)

मालिकेत तर हे सारखं होतं. बाकावरचा माणूस उठून काउंटरवर हात आपटतो आणि म्हणतो, मी आधी आलोय. तिकडं दारातच एक नर्स बसलेली असते. ती नाडी, श्वास, रक्तदाब, चेहऱ्याचा रंग बघून पेशंटला रंग देते. लाल म्हणजे या क्षणी, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत आणि निळा चार तासांत. मँचेस्टरमध्ये ही पद्धत बसवली, म्हणून तिला त्या शहराचं नाव आहे. कोण आधी आलं याला त्यात जागा नाही.

त्या आजोबांचं काय होतं ते मला इथं बसून कसं कळणार? पण माझ्या पहिल्या इनचार्ज बाई सांगायच्या, “ओरडतंय त्याचा श्वास चालू आहे. गप्प बसलंय त्याच्याकडं आधी जा.” चालत आलेला, कपाळावर गार घाम, हात छातीवर, आणि विचारलं तर “काय नाही हो, जरा पित्त झालंय” म्हणणारा माणूस मी शेकड्यानं बघितलाय. त्याला मी तुमच्या मुलाच्या आधीच घेतलं असतं.

तुमचा राग मात्र मी खोटा ठरवणार नाही. त्या पावणेदोन तासांत मुलाच्या हाताला पुठ्ठ्याची का होईना, फळी बांधून गळ्यात झोळी घातली होती का? बोटं गार पडलीत का, हलतात का, हे कुणी येऊन बघितलं का? दुखणं कमी व्हायचं औषध दिलं का? थांबावं लागेल आणि का थांबावं लागेल, हे दोन वाक्यांत कुणी सांगितलं का? यातलं काहीच झालं नसेल तर तो दवाखाना चुकला, आणि तुम्ही तसं लेखी द्यायला हवं होतं. अजूनही देता येईल.

प्रश्न : होल्बी गाव ब्रिस्टलपासून किती लांब आहे? भाचा तिकडं असतो, मालिकेतलं हॉस्पिटल बघून ये म्हणून सांगणार आहे. (एक वाचक, गडहिंग्लज)

होल्बी कुठंच नाही, ते लेखकांनी वसवलेलं शहर आहे. सुरुवातीची पंचवीस वर्षं चित्रीकरण ब्रिस्टलमध्ये झालं, २०११ पासून ते वेल्समधल्या कार्डिफला हलवलं. भाच्याला त्यापेक्षा ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या खऱ्या दवाखान्यासमोरून एक चक्कर मारायला सांगा. का, ते शेवटच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. असल्या मालिकांत मॉनिटरवर सरळ रेघ येते, डॉक्टर शॉक देतात आणि माणूस डोळे उघडतो. हे इतकं सोपं असतं का? घरी असं झालं तर पत्नीनं काय करावं? (एक वाचक, शाहूपुरी)

सर, सरळ रेघेला शॉक देत नाहीत. पडद्यावर ते बघितलं की माझा जीव वरखाली होतो. ठोका बंद पडतो तेव्हा पुष्कळदा हृदय आधी नुसतं थरथरत असतं, रक्त पुढं ढकलत नाही. ती थरथर एकदम थांबवायची आणि हृदयाला आपला ताल पुन्हा धरू द्यायचा, एवढंच शॉकचं काम. सरळ रेघेत थांबवायला थरथरच उरलेली नसते. तिथं छाती दाबत राहायचं आणि अॅड्रेनलिनचं इंजेक्शन द्यायचं.

१९९६ साली अमेरिकेत तिथल्या मालिका तपासल्या, तेव्हा ठोका बंद पडलेले पडद्यावरचे चारातले तीन पेशंट जागच्या जागी परत आलेले होते. १९९८ मध्ये ब्रिटिश मालिकांचा असाच अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांत वाचणाऱ्यांचं प्रमाण खऱ्याच्या बरंच जवळ निघालं, फक्त पेशंट खऱ्यापेक्षा फार तरुण होते. दवाखान्याबाहेर ठोका थांबलेल्यांपैकी तिकडंसुद्धा दहात एकही धड घरी परतत नाही. हे घाबरवायला सांगत नाही. जो एखादा परततो, त्याच्या छातीवर पहिल्या काही मिनिटांत बहुधा कुणीतरी हात ठेवलेला असतो, म्हणून सांगतेय.

तर वहिनींना दाखवून ठेवा. हाक मारून, खांदे हलवून माणूस उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा आणि शेजाऱ्याला हाक मारायची. गादीवर नको, फरशीवर उताणं घ्यायचं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ. पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतकं जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हाताखाली बरगडी काडकन वाजेल. माझ्या हाताखाली पहिल्यांदा वाजली तेव्हा मी हात काढून घेतला होता. वहिनींनी काढू नये. दोन मिनिटांनी दम लागतो, तेव्हा शेजाऱ्यानं जागा घ्यावी.

आता खास कोल्हापूरची एक अडचण. या दाबण्याला सगळं जग सीपीआर म्हणतं. आपल्याकडं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या लोकांचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. एका गावात शिकवायला गेले होते. “माणूस कोसळला की आधी सीपीआर” असं मी म्हटलं, तर पुढं बसलेला पोरगा म्हणाला, “बाई, गाडी मिळायलाच अर्धा तास जातोय की.” त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘छाती दाबा’ असंच म्हणते, तुम्हीही घरात तसंच सांगा.

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला बरे गुण पडलेत. त्याला नर्सिंगला जायचंय. मागच्या अंकात तुम्ही मालिकेतल्या चार्ली नावाच्या पुरुष नर्सबद्दल लिहिलं, ते त्यानं कापून ठेवलंय. घरात रोज वाद. सासरे म्हणतात, पोरगं आता सिस्टर होणार काय? दीर म्हणतात, जन्मभर कंपाउंडर म्हणतील. मालिकेचं ठीक आहे हो, खऱ्या दवाखान्यात पुरुषाला या कामात काय मान? (एक आई, कागल)

ताई, हे पत्र मी तीनदा वाचलं.

आधी चार्लीचं सांगते, कारण तो मालिकेपुरता नाही. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोन तरुण लेखकांनी मालिका लिहायला घेतली, तेव्हा त्यांना ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत पीटर सॉल्ट हा नर्स भेटला. त्याच्यावरून चार्ली फेअरहेड उभा राहिला, आणि सॉल्ट पुढं मालिकेचा वैद्यकीय सल्लागारही झाला. पहिल्या वर्षी सगळी गोष्ट रात्रपाळीची होती, आणि पाळी चालवणारा होता हा नर्स. डेरेक थॉम्प्सन या नटानं ती भूमिका पहिल्या भागापासून मार्च २०२४ पर्यंत केली. डॉक्टर आले, गेले. दारात चार्ली होता. माझ्या लेकीच्या वॉर्डातले निम्म्या वयाचे ब्रदरसुद्धा त्याला घरच्या माणसासारखं ओळखतात.

आता इथलं. आमच्यात पुरुष नर्सला ‘ब्रदर’ म्हणतात, सरकारी कागदावर अधिपरिचारक. मी आमच्या एका ब्रदरची एक रात्र सांगते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

जानेवारी, गुऱ्हाळांचा हंगाम. पहाटे तीनच्या सुमाराला एका गुळव्याला आणलं. साठीचा माणूस, काहिलीसमोर छातीत कळ येऊन बसला होता. ईसीजीत मोठा झटका दिसला, आणि औषध चढवेपर्यंत ठोका थांबला. ब्रदर, मी आणि डॉक्टर आळीपाळीनं चाळीस मिनिटं छाती दाबत होतो. नाही आला तो परत. डॉक्टरांनी वेळ सांगितली, मी ती लिहिली. बाहेर बायको एकटीच बसली होती, मुलगा वाटेत होता. मी तिला बोलवायला निघाले तर ब्रदर म्हणाले, “सिस्टर, पाच मिनिटं द्या.”

त्यांनी कोमट पाणी आणलं. त्या माणसाच्या बोटांना गूळ सुकून बसला होता, नखांच्या कडेनं, पेरांच्या सुरकुत्यांत. गॉजचा बोळा भिजवून एकेक बोट सोडवून पुसलं. खिशातला स्वतःचा कंगवा काढून केस विंचरले. चादर छातीपर्यंतच ओढली, तोंडावर नाही. आम्ही फेकलेली इंजेक्शनची वेष्टनं उचलली, पडदा ओढला, उशाशी स्टूल ठेवलं. मग स्वतः जाऊन त्या बाईंना घेऊन आले आणि म्हणाले, “मावशी, हात हातात घ्या. अजून ऊब आहे.”

ती बाई बराच वेळ नवऱ्याच्या तळहाताचा वास घेत बसली होती. गुळाचा वास गेला नव्हता.

सकाळी तिचा मुलगा जाताना ब्रदरच्या पाया पडला. तुम्ही मान विचारलात, म्हणून हे लिहिलं.

मालिका जे दाखवत नाही तेही मुलाला सांगा. रजिस्टरं, एमएलसीचे म्हणजे पोलिसांत कळवायच्या केसचे कागद, पाळी सोपवताना मोजून द्यायची औषधं, दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांच्या शिव्या, आणि घरात सगळे आकाशकंदील लावत असताना आपण भाजलेल्या पोरांच्या जखमा धूत असणं. पगाराचंही सरळ सांगते. लहान खाजगी दवाखान्यांत सुरुवातीला फार कमी देतात, आणि त्यावर मी याच सदरात भांडत आलेय. कंपाउंडर म्हणणारे भेटतील. सासऱ्यांना सांगा की, जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविकेला तीन वर्षं लागतात, बी.एस्सी. नर्सिंगला चार, आणि त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. कंपाउंडरकी आणि हे, दोन वेगळी कामं आहेत. त्यांना कधी रात्री दवाखान्यात राहायची वेळ आली तर पुरुष वॉर्डात लघवीची नळी घालायला, उचलून कुशीवर वळवायला ते स्वतःच ब्रदरला हाक मारतील.

मुलाचे गुण चांगले आहेत तर बी.एस्सी.साठी प्रयत्न करा, पुढं शिकवायला किंवा परदेशी जायला वाट मोकळी राहते. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. मुलांना प्रत्यक्ष कामाला कुठल्या दवाखान्यात पाठवतात आणि तिथं किती खाटा भरलेल्या असतात, ते विचारा. आणि त्याला सेकंदकाटा असलेलं एक साधं मनगटी घड्याळ घेऊन द्या. पहिल्या आठवड्यात नाडी मोजायला शिकवतात, तेव्हा एक हात पेशंटच्या मनगटावर असतो आणि मोबाईल खिशातच ठेवायचा असतो.