‘नाकारणे’ चांगले की वाईट?

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती प्रवचनांत गर्व आणि नाकारणे हे आध्यात्मिक जीवनातले अडसर म्हणून सांगतात, आणि ‘स्वतःला नाकारा’ असा उपदेशही करतात. मग नाकारणे चांगले की वाईट?

क्रियापद खरोखरच एक आहे. मार्काच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात) ८:३४ला, म्हणजे अध्याय ८, ओवी ३४ला, येशू शिष्यांना स्वतःला नाकारायला सांगतो आणि १४:३०ला ‘तू मला तीनदा नाकारशील’ असे आपला शिष्य पेत्र याला सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे तोच शब्द आहे. मराठी बायबलमध्ये पहिल्या जागी ‘आत्मत्याग’ आल्याने हा सांधा सहज दिसत नाही. फरक आहे तो क्रियापदाच्या कर्माचा, म्हणजे कोणाला नाकारायचे याचा. पेत्राने नाकारायचे होते स्वतःला, नाकारले गुरूला. त्याच रात्री तो म्हणाला होता, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. गर्व आधी, नकार मागाहून, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रवचनकार मात्र बहुधा तिसऱ्याच अर्थाने बोलत असतात: स्वतःचे पाप मान्य न करणे. त्यासाठी ‘पाप नाकारणे’ म्हणू नये, कारण त्यातून पापाला नकार देणे असा नेमका उलटा अर्थही निघतो. ‘नाकबूल करणे’ किंवा ‘झाकणे’ म्हणावे. याच्या विरुद्ध अर्थाचा सुंदर वाक्प्रयोग मराठी बायबलात आहे, योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९): पापे ‘पदरी घेणे’. नुसते ‘कबूल करणे’ ओठांवरच राहू शकते. पदरी घेतलेले आपले होते, ते दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. एदेन बागेत मना केलेले फळ खाल्ल्यावर पहिला पुरुष आदाम याने पहिली स्त्री हव्वेकडे बोट दाखवले आणि हव्वेने सापाकडे. उघड दिसणाऱ्या पापालाही सबब शोधणारा गर्व अधिक घातक, असे प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन याच प्रसंगाविषयी म्हणतो.

‘गर्व’ आणि ‘अभिमान’ यांत मात्र गल्लत नको. अभिमान बाळगायचा तर प्रभूविषयी बाळगा, असे प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायात येशू एक दृष्टान्त सांगतो; त्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, प्रार्थनेतही स्वतःचे उपास आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान) मोजतो. तो गर्व. त्याच्या प्रार्थनेत पदरी घेण्यासारखे काहीच नाही, म्हणून क्षमेची मागणीही नाही. नीतिमान ठरून घरी जातो तो त्याच दृष्टान्तातला, स्वतःला पापी म्हणवून दया मागणारा जकातदार.