हंबनटोटा : कर्ज थकलं म्हणून बंदर गेलं का?

प्रश्न : कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 99 वर्षांसाठी काढून घेतलं, असं सगळेच म्हणतात. आपला गोव्यातला मोपाचा विमानतळही 40 वर्षांच्या कराराने कंपनीकडेच आहे. मग फरक काय? आणि अशा बातम्या वाचताना काय बघावं? (एक वाचक, वास्को)

उत्तर : जप्ती झालेली नाही. कर्ज आणि भाडेकरार हे दोन वेगळे व्यवहार. बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. बंदराच्या पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने 2007 मध्ये 30.7 कोटी डॉलर कर्ज दिलं, व्याज 6.3 टक्के. बदलत्या दराचा पर्याय होता, पण श्रीलंका सरकारने स्थिर दर घेतला आणि लगेचच जगभर दर कोसळले! 2010 मध्ये बंदर सुरू झालं, तरी जहाजं कोलंबोलाच लागत राहिली. उत्पन्न नाही, हप्ते चालू. 2017 मध्ये चायना मर्चंट्स पोर्ट या चिनी कंपनीने सुमारे 112 कोटी डॉलर मोजून भाडेकरार केला. ते पैसे एक्झिमच्या कर्जात वळते झालेच नाहीत. देशाची डॉलरची गंगाजळी सावरायला गेले. म्हणजे बंदर हातचं गेलं आणि कर्ज डोक्यावर तसंच राहिलं.

मोपात बांधकामाचा पैसा जीएमआर या खासगी कंपनीने उभा केला. प्रवासी घटले तर बँकेचा हप्ता कंपनीच्या अंगावर येतो. हंबनटोट्यात तो सरकारी तिजोरीवर होता. खरा फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

बातमीत 'गुंतवणूक' हा शब्द दिसला की आधी विचारा : भांडवल, अनुदान की कर्ज? एक्झिमच्या सवलतीच्या कर्जात कंत्राटदार चिनी आणि निदान निम्मा माल चीनचा, अशी अट असते. त्यामुळे बराच पैसा फिरून तिकडेच जातो. मग परतफेडीचं चलन बघा. विमानतळावर जमा होतो रुपया, हप्ता जातो डॉलरमध्ये. करारात एस्क्रो खातं (उत्पन्न आधी जिथे जमा होतं आणि ठरलेल्या क्रमानेच बाहेर पडतं असं राखीव खातं) असेल तर उत्पन्नावर पहिला हात बँकेचा.

व्याज कमी म्हणून निर्धास्त राहू नये. नेपाळच्या पोखरा विमानतळाचं एक्झिमकडूनच घेतलेलं सुमारे 21.6 कोटी डॉलरचं कर्ज तसं सौम्य : पाव हिस्सा बिनव्याजी, उरलेलं 2 टक्क्यांनी. विमानतळ 1 जानेवारी 2023 ला सुरू झाला, पण पहिली दोन वर्षं नियमित आंतरराष्ट्रीय विमान फिरकलं नाही. तिथे व्याजापेक्षा प्रवासीसंख्येचा फुगवलेला अंदाजच महागात पडला. म्हणून व्याजदराआधी तो आकडा तपासावा.