आधी लेझर की आधी डोळा?

"माझी मुलगी सात महिन्यांची आहे. उजव्या कपाळावर आणि पापणीवर जन्मापासून गडद लाल लासण आहे. परवा तापात तिचा डावा हात दोन-तीन मिनिटं झटकत होता. डॉक्टर म्हणाले, स्टर्ज-वेबर असावा. सासूबाई म्हणतात, मी ग्रहणात भाजी चिरली. लेझर कधी करू?
– एक आई, महाल, नागपूर"

ताई, लेझर सगळ्यात शेवटी. त्याने डाग फिका होतो, पण मेंदूला आणि डोळ्याला त्याचा काही उपयोग नाही.

उजवी लासण आणि डावा हात, हे जुळतं. स्टर्ज-वेबर या जन्मजात आजारात मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही बहुधा लासणीच्याच बाजूला बिघडलेल्या असतात आणि उजवा मेंदू डावं अंग चालवतो. मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा मिहानच्या एम्सला बालमेंदूतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. एमआरआय कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊनच करतात. साध्यात सुरुवातीचा बिघाड निसटू शकतो.

पुन्हा झटका आला तर बाळाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. एकाने मोबाईलवर शूटिंग घ्यावं, डॉक्टरांना त्यातून खूप कळतं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, आणि कांदा-चप्पल हुंगवणं तर मुळीच नाही. झटका थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे लिहून मागा. बाळाच्या वजनाला किती पफ, तो आकडा फ्रीजवर चिकटवा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर स्प्रे मारा आणि थेट दवाखाना गाठा. झटका थांबूनही हात लुळाच राहिला, तरी थांबू नका.

डोळ्याचं लोक विसरतात. पापणीवर लासण असली की काचबिंदूचा धोका मोठा. डोळ्याचा दाब आत्ताच मोजून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील तसा दर काही महिन्यांनी. एक डोळा मोठा दिसणं, सतत पाणी येणं, उजेडात डोळा मिटून घेणं, बुबुळ धुरकट होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुचवली तर दचकू नका. मात्र कांजिण्या किंवा फ्लू झाला की लगेच डॉक्टरांना फोन करा. तेव्हा ॲस्पिरिन यकृताला आणि मेंदूला घातक ठरू शकते. आपल्याकडचा मे महिनाही जपा, ताप आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्हींनी झटके येऊ शकतात.

ग्रहणाचा आणि भाजीचा काडीचा संबंध नाही. गर्भ वाढताना एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू जनुकात बदल होतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झालंय. तो आईबापांकडून येत नाही, त्यामुळे पुढच्या बाळाला वेगळा धोका नाही. सासूबाईंना तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.