लहान की मध्यम? लक्झरी एसयूव्हीच्या चालवण्यातला फरक

प्रश्न : आम्ही लक्झरी एसयूव्ही घेण्याच्या विचारात असून बीएमडब्ल्यू एक्स१ आणि एक्स३ या दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. मोठी गाडी चालवायलाही नेहमीच सरस असते, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे; माझ्या पत्नीला मात्र लहान गाडी अधिक चपळ वाटली. हा फरक केवळ आकारामुळे पडतो का?

उत्तर : आकारामुळे फरक पडतो, परंतु समजला जातो त्याहून बराच कमी. सध्याच्या पिढीतील एक्स१चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २,६९२ मिलिमीटर आहे, तर एक्स३चा २,८६५. ताशी ६० किलोमीटर वेगाने एखादा उंचवटा ओलांडताना पुढच्या चाकांनंतर मागची चाके त्यावर पोहोचायला लागणाऱ्या वेळेत यामुळे पडणारा फरक सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाइतकाच भरतो. मोठी गाडी रस्त्यावर ‘तरंगल्यासारखी’ वाटते, त्याचे सगळे श्रेय लांबीला देता येत नाही, ते यामुळेच. जड गाडीत सस्पेन्शनवर तोललेल्या भागाचे वजन चाके, ब्रेक आणि आस यांच्या वजनाच्या तुलनेत अधिक असते, त्यामुळे चाक खड्ड्यात आदळले तरी वरचा सांगाडा कमी हलतो. आरामाचा मोठा वाटा या गुणोत्तराचा आहे.

खरा फरक बॉनेटखाली आहे. एक्स१, मर्सिडीजची जीएलए, ऑडीची क्यू३ आणि व्होल्वोची एक्ससी४० या लहान गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते आणि मूळ रचना पुढच्या चाकांना शक्ती देणारी असते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्तीत मागची चाके बहुधा गरजेपुरती कामाला लावली जातात. एक्स३ आणि मर्सिडीजच्या जीएलसीमध्ये मात्र इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर असते आणि रचनेचा पाया मागच्या चाकांचा असतो. वळणातून बाहेर पडताना जोरात अॅक्सिलरेटर दाबला, तर पहिल्या प्रकारात स्टिअरिंगमध्ये किंचित ओढ जाणवते आणि गाडीचे नाक बाहेरच्या बाजूला सरकू पाहते. दुसऱ्या प्रकारात ढकल मागून येते आणि पुढच्या चाकांना वळण्याचेच काम उरते.

हा मुद्दा तपासून पाहायचा असेल, तर एक्स१चाच इतिहास पुरेसा आहे. २००९ साली आलेली पहिली एक्स१ आजच्या गाडीपेक्षा लांबीने थोडी कमी होती, तरी तिचा व्हीलबेस २,७६० मिलिमीटर, म्हणजे आजच्याहून अधिक होता, कारण तिचे इंजिन उभे होते आणि पाया मागच्या चाकांचा होता. २०१५च्या दुसऱ्या पिढीपासून कंपनीने आडव्या इंजिनाची रचना स्वीकारली. आत जागा वाढली आणि स्वभाव बदलला. ‘मोठी तेवढी चांगली’ हा विक्रेत्याचा नियम इथे कोलमडतो. अर्थात त्याला मोठीच गाडी विकायची असणार, हेही ओघानेच आले.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. ऑडी क्यू५चे इंजिन उभे असले तरी त्याचा मोठा भाग पुढच्या आसाच्या पुढे येतो, त्यामुळे ती एक्स३पेक्षा किंचित नाकजड वाटते. व्होल्वो एक्ससी६० तर मध्यम आकाराची असूनही तिचे इंजिन आडवेच आहे. आपल्या पत्नीला जाणवलेली चपळाई मात्र खरी आहे: कमी वजनामुळे गाडी दिशा बदलायला कमी वेळ घेते. शिवाय एक्स१ची रुंदी १,८४५ मिलिमीटर आणि नव्या एक्स३ची १,९२० आहे. हे ७५ मिलिमीटर कागदावर नगण्य वाटतात, अरुंद गल्लीत समोरून वाहन आले की वाटत नाहीत.

प्रश्न : रोजचा प्रवास कोंडीतून होत असेल, तर यांपैकी कोणती गाडी अधिक सोयीची?

उत्तर : इथे आकारापेक्षा गिअरबॉक्सकडे पाहावे. सध्याच्या एक्स१ला सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आलटूनपालटून वापरणारा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे, तर एक्स३ला आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. ड्युअल क्लच वेगात असताना फार तत्पर असतो, पण पावलापावलाने सरकणाऱ्या रांगेत क्लच वारंवार अर्धवट जोडला जातो आणि त्यामुळे बारीक हिसके जाणवू शकतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शक्ती द्रवाच्या माध्यमातून पोहोचते, म्हणून गाडी लोण्यासारखी सरकते. इथेही आकारावरून निष्कर्ष काढू नये, कारण क्यू५ मध्यम आकाराची असूनही तिच्यात ड्युअल क्लच मिळतो. वळण्याच्या सोयीबाबत, जीएलसीला मागची चाके ४.५ अंशांपर्यंत वळवणारी यंत्रणा पर्याय म्हणून मिळते. ताशी ६० किलोमीटरपर्यंत ती मागची चाके पुढच्यांच्या उलट दिशेला वळवत असल्याने मोठी गाडीही लहानीइतक्या सहज फिरते.

प्रश्न : चाचणीसाठी दिलेली गाडी मोठ्या चाकांची होती. त्यावरून आरामाचा अंदाज बांधावा का?

उत्तर : बांधू नये. १८ इंची चाकाच्या २३५/५५ आर१८ टायरची बाजूची भिंत सुमारे १२९ मिलिमीटर उंच असते, तर २० इंची चाकाच्या २५५/४५ आर२० टायरची सुमारे ११५. खड्ड्याचा धक्का पहिल्यांदा झेलणारा रबराचा हा थर पातळ झाला की रस्त्यानुसार कडकपणा बदलणारे महागडे शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे अॅडॅप्टिव्ह डॅम्परही त्याची पूर्ण भरपाई करू शकत नाहीत. आपण जी गाडी घेणार आहात, तिच्याच चाकांच्या मापाची गाडी चाचणीसाठी मागावी, टायरमधील हवेचा दाब तपासून घ्यावा आणि दोन्ही गाड्या त्याच खराब रस्त्यावरून, त्याच वेगाने, मागच्या आसनावर कुणाला तरी बसवून चालवाव्यात.