जहाजाच्या तळाला वरून ठिगळ का चालत नाही?

प्रश्न असा आहे: खडकाला घासून मालवाहू जहाजाचा तळ फाटला, तर सायकलच्या ट्यूबसारखं वरून ठिगळ का लावत नाहीत? जहाज गोदीत इतके दिवस कशाला अडकवून ठेवायचं?

आधी माझी ओळख. मी नागपूरचा. आयटीआयला वेल्डर ट्रेड, मग कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरच्या नळ्या, आणि तिथून थेट मुंबईच्या ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं उभं करतात त्या गोदीत. आता हिंगण्याला छोटी शेड आहे. "नागपूरच्या माणसाचं जहाजात काय काम?" हे सासुरवाडीलाही विचारून झालंय.

तर भाऊ, ठिगळ लावतात. त्याला डबलर म्हणतात. पण ते दुरुस्तीचं बंदर गाठेपुरतं, आणि सर्वेअर, म्हणजे जहाज तपासून मंजुरी देणारा माणूस, त्याला मुदत घालूनच देतो. कारण भरलेलं जहाज लाटांवर सारखं वाकत असतं. लाट मधोमध आली की पाठ उचलते, दोन्ही टोकांना आली की पोट खाली लोंबतं. हा ताण तळाच्या पत्र्यातूनही जातो. डबलर फक्त कडेला चिकटलेला असतो, म्हणून चीर त्या कडेपासूनच निघते. दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरलं तर गंज आत खात बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही. शिवाय मार एकट्या पत्र्याला थोडाच बसतो? मागच्या फ्रेमही, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या फासळ्या, वाकलेल्या असतात.

म्हणून भोक मोठं करायचं. चांगला, सरळ पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, वाकलेल्या फ्रेम काढायच्या आणि त्याच जातीच्या पोलादाचा नवा तुकडा बसवायचा. ६ मीटर बाय २ मीटरची १५ मिलिमीटर जाडीची प्लेट म्हणजे जवळजवळ १.४ टन. ती जहाजाच्या पोटाखाली, जेमतेम वाकून चालता येईल अशा जागेत, चेन पुलीने वर चढवायची. गोदीत जहाज ज्या ठोकळ्यांवर टेकतं, त्यातला एखादा नेमका फाटलेल्या जागेखाली आला तर आणखी कटकट, म्हणून गोदीत पाणी भरण्याआधीच ठोकळ्यांचा नकाशा बघून ठेवतात.

पहिल्याच महिन्यात मी कापलेल्या जागेचे कोपरे काटकोनात ठेवले होते. मला ते सुबक वाटलं. सर्वेअरने खडूने चारही कोपऱ्यांवर गोलाई काढली आणि एकच शब्द बोलला, "परत." टोकदार कोपऱ्यात ताण साचतो.

दिवस मात्र कापण्याजोडण्यात कमी जातात, तयारीत जास्त. तळाच्या टाकीत तेल असेल तर ती उपसा, धुवा, हवा खेळवा. टाकीत पेटणारा वायू उरला नाही असं सांगणारं गॅस-फ्री सर्टिफिकेट हातात येईपर्यंत कापायची टॉर्च पेटवायची नाही. रिकामी बंद टाकीही भोळी नसते, गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. मॅनहोलमधून डोकं घालण्याआधी ऑक्सिजन मोजायचा मीटर आत सोडायचा. ही एक गोष्ट मी आजही शेडमधल्या पोट्ट्यांना ओरडून सांगतो. आतल्या उकाड्याबद्दल काय सांगू, त्यापुढे आपला मे महिना बरा.

वेल्डिंग झाल्यावर तपासणी. टाकी बंद करून हवा भरतात, दाब आधी ०.२ बारपर्यंत चढवतात, मग ०.१५ वर आणतात. दाब जास्त चढू नये म्हणून पाण्याची यू-नळी लावलेली असते. मग आम्ही जहाजाखाली बॅटरी घेऊन जायचो आणि ब्रशने प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचो. म्हणजे पंक्चरवाल्याची युक्ती इथेही आहेच, फक्त ट्यूब पाण्यात बुडवता येत नाही. एकदा तीन सांधे मिळतात त्या जागी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. रात्रीचे दोन वाजले होते. तेवढा भाग कोरून काढला, परत भरला, आणि हवा पहिल्यापासून चढवली.