व्हिएन्नात चार दिवस, त्यातला एक माझा

पत्र (थोडक्यात) : आम्ही पुण्याचे. नवऱ्यानं साठवलेली रजा काढली आणि सात आठवड्यांच्या युरोप सहलीला निघालो. मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. चार आठवडे झालेत. आता प्रागमध्ये आहोत, शनिवारी दुपारी व्हिएन्नाला पोचू, तिथे चार दिवस. नवऱ्यानं एक्सेलमध्ये तासन् तास आखून ठेवलेत. काल मी म्हटलं, तिथे एक दिवस मला काहीच बघायचं नाही. तो म्हणाला, "खोलीत बसायला एवढा खर्च केला का?" भर पुलावर भांडलो. मुलगा म्हणाला, मला घरी जायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या दोन दिवस गप्पच आहेत. मी कृतघ्न आहे का?
– एक थकलेली

अगं, कृतघ्न कसली? तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात पॅरिसवर दीड ओळ आहे आणि ॲमस्टरडॅमला रात्री अकरा वाजता हीटरवर वाळत घातलेल्या अकरा मोज्यांवर अख्खा परिच्छेद. रोज दिवसभर पायपीट, मग भाड्याच्या घरात कुकर, मग धुणं. घर सोडून तू अठ्ठावीस दिवसांपूर्वी निघालीस खरी, पण घरकाम बरोबरच आलंय. बाकीच्या चौघांची सुट्टी चालू आहे, तुझी अजून सुरूच व्हायचीय.

आता त्याची बाजू. तूच लिहिलंयस की वर्षभर रात्री जागून त्यानं तिकिटं जुळवली. अशा माणसाला "मला काहीच बघायचं नाही" म्हटलं की त्याच्या कानावर "तुझी सहल फसली" असंच पडतं. तेव्हा ते वाक्य पुन्हा उच्चारू नकोस. त्याऐवजी असं सांग : "रविवार माझा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पाचला भेटू, कुठे ते तू ठरव." एक्सेलवाल्या माणसाला भरायला एक चौकोन लागतो, तो दे. आणि हे पुलावर नको. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेचे चारेक तास आहेत, मुलं खिडकीला लागली की बोल.

आणि हो, त्या दिवशी खोलीत थांबू नकोस. थांबलीस तर काय करशील ते मला इथे बसून दिसतंय : कपडे धुशील. बाहेर पड. व्हिएन्नातल्या जुन्या कॅफेंमध्ये एक कॉफी मागवून दोन-दोन तास बसलेलं कुणाला खटकत नाही. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो, आणि आपण मागितल्याशिवाय बिल सहसा येत नाही. तुझ्यासारखीला यापरतं प्रेक्षणीय स्थळ नाही.

मला जास्त काळजी वाटते ती सासूबाईंच्या गप्प बसण्याची. माझ्या आईला आम्ही रोमला नेलं होतं. तिचे गुडघे दुखतात म्हणून तीन दिवस तिला हॉटेलात "आराम" दिला आणि आम्ही फिरलो. घरी आल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "रोमची खिडकी छान होती." आम्ही कुणी तिला विचारलंच नव्हतं. तू विचार. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या देखत नको, एकटीला गाठून विचार. बहुतेक त्यांना वाटत असेल की हे भांडण आपल्या गुडघ्यांवरून झालं.

त्यांच्यासाठी व्हिएन्ना तसं सोयीचं आहे. जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या रिंग रस्त्यावरून ट्राम जातात. खिडकीशी बसलं की ऑपेरा, संसद, नगरभवन आपसूक समोरून सरकतं. (७१ नंबरची ट्राम पुढे मोठ्या दफनभूमीकडे जाते. कुणी वारलं की व्हिएन्नाकर म्हणतात, त्यानं ७१ पकडली. हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तूच ठरव. माझी आई खो खो हसली असती.)

रविवारी नवऱ्यानं आई आणि मुलांना कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कलासंग्रहालयात न्यावं. १९ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, दालनांत बसायला सोफे आहेत. तिथे ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराचं १५६० सालचं एक चित्र आहे, चौकभर पसरलेली दोनशेहून जास्त मुलं आणि त्यांचे खेळ. भोवरे आहेत, आंधळी कोशिंबीर आहे, आणि अगदी खाली डाव्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांचे सागरगोटे खेळतायत. वरचा अजून खाली यायचाय, असा तो क्षण. नातीला ते काय चाललंय ते फक्त आजीच सांगू शकेल. एक्सेलमधल्या रकान्यात हे चित्र नसणार, घालायला सांग.

दुसऱ्या एखाद्या दिवशी मुलाला बापाबरोबर एकट्याला सोड. श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. दम लागला की तेरा वर्षांचं पोर बापाशी जरा बरं बोलतं. पाचही जण सगळीकडे एकत्र गेलेच पाहिजेत, हा हट्ट तुम्ही दोघंही धरून आहात, आणि मला विचारशील तर पुलावरचं भांडण तिथूनच आलं. आवडीनं आणि पायांच्या वेगानं माणसं वेगळी असतात. संध्याकाळी प्राटर बागेतल्या १८९७ च्या आकाशपाळण्यात, त्याच्या बंद डब्यात, सगळे बसा की एकत्र. ते फिरतं इतकं सावकाश की गुडघ्यांचीही तक्रार नसते.

शोनब्रुन राजवाड्याला १४४१ खोल्या आहेत, त्यातल्या चाळीसेक पाहुण्यांना बघायला मिळतात. नवरा "राहून गेलं" म्हणून हळहळायला लागला की हा आकडा त्याच्या हाती ठेव.

कुकर उरला. तो व्हिएन्नात बंद, असं माझं मत. सासूबाईंना मेतकूट-भात हवाच असेल तर नातवाला शिट्ट्या मोजता येतात. फक्त एक लक्षात ठेव : तिथे शनिवारी संध्याकाळी सहाला किराणा दुकानं बंद होतात आणि रविवारी मोठ्या स्टेशनांतली काही सोडली तर उघडतच नाहीत. तेव्हा गाडीतून उतरलात की सामान टाका आणि आधी दूध-ब्रेड-फळं घ्यायला पळा. म्हणजे नवऱ्याला पळव. यादी त्याच्याच हातात दे, त्याला याद्या आवडतात.

– मावशी