अँजिओप्लास्टी पुढे ढकलून एफडी वाचवावी का?

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, मधुमेही. पायाच्या अंगठ्याखाली दोन महिन्यांपासून जखम आहे. सर्जन म्हणतात, पायाची अँजिओप्लास्टी आणि जखमेची शस्त्रक्रिया याच आठवड्यात करा. अंदाजे खर्च २ लाख ८० हजार. पॉलिसी ३ लाखांची, चार वर्षं जुनी, मधुमेह सुरुवातीलाच कळवलेला, रूम रेंट मर्यादा रोज ३,००० रुपये. ६,००० ची खोली धरून हॉस्पिटल म्हणतं, लाखभर रुपये खिशातून जातील. वडिलांची ४ लाखांची एफडी (७ टक्के) तीन महिन्यांनी पिकते. आत्ता फक्त जखम साफ करून घ्यावी आणि अँजिओप्लास्टी तेव्हा करावी का?

उत्तर : नको. अँजिओप्लास्टी पायातली अरुंद झालेली धमनी उघडून जखमेपर्यंत रक्त पोहोचवते. रक्तपुरवठा कमी असताना जखम नुसती खरवडली तर ती भरत नाही, उलट मोठी होऊ शकते. मग बोटावर भागलं असतं तिथे गुडघ्याखालून पाय काढायची पाळी येते. सर्जनना पायाच्या बोटातल्या रक्तदाबाचा आकडा विचारा. नुसत्या घोट्याच्या रक्तदाबाच्या आकड्यावर जाऊ नका. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या दाबल्या जात नाहीत, म्हणून तो आकडा फसवा चांगला येतो. बोटातला दाब ३० च्या खाली असेल तर तीन महिने थांबण्याचा विषयच नाही.

आता तो लाख. त्यातला मोठा भाग आजारामुळे नाही, खोलीमुळे जातोय. समजा २.८० लाखांत खोलीचे सहा दिवसांचे ३६,०००, सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंगचे १.१४ लाख आणि स्टेंट, औषधं, तपासण्यांचे १.३० लाख आहेत. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली की कंपनी खोलीचे निम्मे देते आणि सर्जन-ओटीच्या बिलाचेही निम्मेच. म्हणजे १८,००० अधिक ५७,०००, एकूण ७५,००० तुमच्यावर. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. ३,००० ची खोली घ्या, हे ७५,००० वाचतात, शिवाय बिलही उतरतं. हातमोजे वगैरे ज्या वस्तूंचे पैसे विमा देत नाही, त्यांचे थोडे पैसे तुमच्यावर राहतात. कॅशलेसच्या अर्जात दोन्ही प्रक्रिया लिहिल्या आहेत ना, ते दाखल होण्याआधी पाहा.

तरीही पैसे लागतील, पण त्यासाठी एफडी मोडू नका. एकवीस महिने झालेली ठेव मोडली आणि बँकेने १ टक्का दंड लावला, तर साधारण ७,००० जातात. त्याऐवजी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढं कर्ज घ्या. ८ टक्क्यांनी १ लाखाचं तीन महिन्यांचं व्याज २,०००. त्याच लाखावर ठेव १,७५० कमावतेय. निव्वळ खर्च २५० रुपये! ठेव करबचतीची पाच वर्षांची असेल तर मात्र हा मार्ग बंद. वडिलांची सही लागेल, ती भरती होण्याआधीच घ्या. ऑपरेशननंतर बँकेचा माणूस वॉर्डात बोलवायची वेळ नको.

या ओव्हरड्राफ्टमधले ७०-८० हजार हॉस्पिटलसाठी नाहीत, घरी आल्यावरच्या खर्चासाठी आहेत. पॉलिसीत यंदा ४० हजारांच्या आसपासच उरतील. ड्रेसिंग, हाडात जंतुसंसर्ग निघाला तर सहा आठवड्यांपर्यंतची अँटिबायोटिक्स, पायावरचा भार काढणारा प्लास्टर किंवा बूट, नंतर एमसीआरच्या (मऊ रबराच्या) चपला. डिस्चार्जनंतरची बिलं ६० की ९० दिवस चालतात हे पॉलिसीत बघा, प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. चपलांचे पैसे बहुधा मिळणार नाहीत, पण तिथे हात आखडू नका : भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे.

पॉलिसी संपलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का, ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) रेशनकार्ड दाखवून विचारा. आणि पायावरची लाली वर चढू लागली, ताप आला किंवा बोट काळं पडलं, तर बँकेत जाण्याआधी हॉस्पिटल गाठा.